अपुऱ्या प्रतीचें मोल

जी वस्तु सदोष आहे ती जपावी कीं टाकावी, हा प्रश्न घरांतील माळ्यापासून राष्ट्राच्या ग्रंथसंग्रहापर्यंत सर्वत्र सारखाच उभा राहतो. नीटनेटकेपणाची आवड असलेला मनुष्य बहुधा ‘टाकावी’ असेंच उत्तर देतो, आणि वरवर पाहतां तें शहाणपणाचेंहि असतें. त्या शहाणपणाची किंमत काय पडते, हें दाखविणारें एक उदाहरण या खेपेस वाचकांपुढें ठेवावयाचें आहे. तें पोथ्यांचें किंवा बखरींचें नसून दूरचित्रवाणीवरील एका विज्ञानकथेचें आहे, हें वाचून कांहीं वृद्ध वाचक भुवया उंचावतील. परंतु दृष्टांत कोठूनहि येवो, तो लागू पडल्याशीं कारण.

सन १९५३ मध्यें २ जून रोजीं राणी एलिझाबेथ हिचा राज्याभिषेक दूरचित्रवाणीवर दाखविण्यांत आला, व त्या निमित्तानें इंग्लंडांतील पुष्कळ कुटुंबांनीं हें यंत्र प्रथमच घरीं आणिलें. त्याच वर्षीं १८ जुलैच्या शनिवारीं रात्रीं बी.बी.सी.नें ‘द क्वाटरमास एक्स्पेरिमेंट’ नांवाची सहा भागांची कथा सुरू केली. लेखक नायजेल नील हा आयल ऑफ मॅन या बेटावर वाढलेला तरुण. दिग्दर्शक रुडॉल्फ कार्टिये हा व्हिएन्नांत जन्मलेला व नाझी राजवटीमुळें परागंदा झालेला गृहस्थ. प्रोफेसर क्वाटरमास यानें पाठविलेल्या अग्निबाणांतून तीन माणसें अंतराळांत जातात. अग्निबाण परत येतो तेव्हां आंत एकच जिवंत आढळतो, उरलेल्या दोघांचे नुसते पोषाख. जो परतला त्याच्यांत भलतेंच कांहीं शिरलेलें असतें, आणि त्याचें शरीर हळूहळू वनस्पतीसारखें पालटूं लागतें. गागारिनचें उड्डाण १९६१ चें. म्हणजे ही कल्पना प्रत्यक्षाच्या आठ वर्षें आधींची होय.

थोडे पूर्वचित्रित तुकडे वगळतां हा सारा खेळ लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून जसा घडे तसाच प्रक्षेपित होत असे. नट अडखळला तर तें अडखळणें तत्क्षणीं घरोघर पोंचे. ज्यांस रंगभूमीचा परिचय आहे त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. पडदा पडला कीं प्रयोग संपला. त्याची प्रत उरत नाहीं. चुंबकीय फितीवर चित्र उतरविण्याचें यंत्र प्रत्यक्ष वापरांत आलें तें १९५६ मध्यें, अमेरिकेंत. तोंवर एकच उपाय होता: प्रक्षेपण चालू असतां एका पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा लावून त्या पडद्याचेंच चित्र घ्यावयाचें. हें चित्राचें चित्र. तें मुळापेक्षां धूसर होणें क्रमप्राप्तच होतें.

पहिले दोन भाग याप्रमाणें उतरवून घेण्यांत आले. दुसरा भाग उतरत असतां एक किडा त्या पडद्यावर येऊन बसला व चित्रांतहि उमटला. एकंदर नोंदीचा दर्जा समाधानकारक नाहीं असें ठरलें, आणि पुढील चार भाग उतरविलेच गेले नाहींत. २२ ऑगस्ट रोजीं कथा संपली ती अशी कीं, तिचा शेवट आज कोणासहि पाहतां येत नाहीं. त्या शेवटांत वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें तें राक्षसी रूप प्रकट होतें. ॲबेचें एक मोठें छायाचित्र, त्यास पाडलेलें भोंक, आणि त्यांतून बाहेर आलेले, झाडपाला लावलेल्या हातमोज्यांतील खुद्द लेखकाचे हात, इतक्याच सामग्रीवर तो प्रसंग उभा केला होता! प्रोफेसर त्या प्राण्यांत शिल्लक राहिलेल्या माणुसकीला हांक मारतो, आणि ती हांक ऐकली जाते. कथेचा सारा अर्थ त्या एका प्रसंगांत सांठविलेला होता. प्रोफेसरची भूमिका करणारा रेजिनाल्ड टेट १९५५ मध्यें निवर्तला. त्याचा प्रोफेसर आतां त्या दोन धूसर भागांतच काय तो उरला आहे.

अधिकाऱ्यांस दोष देणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. फिल्मला पैसा पडत असे. शिवाय नाटक पुन्हां दाखवावयाचें म्हणजे तें पुन्हां करावयाचें, अशीच त्या काळची समजूत होती. याच नील व कार्टिये यांनीं १२ डिसेंबर १९५४ रोजीं ऑर्वेलच्या ‘नाइंटीन एटी-फोर’चा प्रयोग केला व त्यावर पार्लमेंटपर्यंत गदारोळ माजला. १६ तारखेस तीच नटमंडळी पुनः उभी राहिली व सर्व नाटक नव्यानें झालें. उतरवून घेतला गेला तो हा दुसरा प्रयोग. ज्या प्रयोगानें वादळ उठविलें तो हवेंत विरून गेला.

घरबसल्या हीं चित्रें पाहण्याची सोय पुढें झाली. क्वाटरमासची तिसरी कथा १९५८-५९ मधील; ती १९८८ मध्यें कांहीं भाग गाळून, सलग जोडून व्हिडिओ कॅसेटवर निघाली. सन २००५ मध्यें तिन्ही कथा डीव्हीडीवर एकत्र प्रसिद्ध झाल्या. दुसरी व तिसरी पूर्ण, आणि पहिलीचे ते दोनच भाग! हरवलेल्या चार भागांच्या संहिता मात्र सोबत वाचावयास दिल्या. त्याच वर्षीं २ एप्रिल रोजीं बी.बी.सी.नें जुनी संहिता आटोपशीर करून ती पुन्हां थेट प्रक्षेपित केली. संहिता हातीं होती, नवे नट होते. तथापि १९५३ सालची ती रात्र कांहीं परत आली नाहीं. ‘नाइंटीन एटी-फोर’ची उजळलेली प्रत तर २०२२ मध्यें हातीं आली. दुसऱ्या भागांतील तो किडा अजूनहि जागच्या जागीं आहे, आणि रसिक आज त्यास कौतुकानें न्याहाळतात. ज्या दोषांमुळें चार भाग उतरले नाहींत, ते दोष आतां कोणासच खुपत नाहींत. खुपते ती उणीव.

आपल्याकडील विद्वानांनीं हें मर्म जाणलें होतें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ मध्यें हातीं घेतली व ती १९६६ मध्यें सिद्धीस गेली. अनेक लिपींतील पोथ्या तेथें ताडून पाहण्यांत आल्या; त्यांत खंडित होत्या, अशुद्ध होत्या. परंतु कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली हें ओळखावयाचें तर लेखकूंच्या समान चुकाच साक्ष देतात. ‘अशुद्ध’ म्हणून पोथी फेंकून देणारा मनुष्य साक्षीदारच घालवून बसतो.

मग घर म्हणजे वखार करावी काय? मुळींच नाहीं. ज्याच्या दहा प्रती आहेत त्यांतील नऊ खुशाल टाकाव्या. परंतु जी प्रत एकच आहे, ती सदोष आहे एवढ्याच कारणानें टाकूं नये, हा नियम गृहस्थाश्रमासहि लागू आहे. आजीच्या ओव्यांची फीत असते आणि मध्येंच कुकरची शिट्टी वाजलेली असते. लग्नाच्या कॅसेटमधील चित्र थरथरत असतें, आणि वडिलांचा आवाज कसाबसा ऐकूं येतो. घरांतील तरुण मंडळी म्हणतात, ‘हें खराब झालें आहे, काढून टाकूं.’ तेव्हां वडीलधाऱ्यांनीं हात धरावा. कॅसेटवरील चुंबकीय लेप वर्षानुवर्षें झिजत असतो. म्हणून ती आहे त्या स्थितींत, शिट्टीसकट, संगणकावर उतरवून घ्यावी, आणि कोणाचा आवाज, कोणतें साल, कोठलें घर, हें जाणतें माणूस हयात आहे तोंवर त्याच्याकडून विचारून वर लिहून ठेवावें. चांगली प्रत मिळाल्यावर करूं, असें म्हणून हें काम पुढें ढकलूं नये. बहुतेक वेळां चांगली प्रत मिळतच नाहीं.