विश्लेषण : आयुष्यभर शरीरात दडणारा हर्पीस विषाणू आपल्याच पेशीचा ‘शेरा’ कसा वापरतो?

ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला उठणारे फोड, लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्या आणि उतारवयात कमरेवर उठणारी नागीण. या सगळ्यांमागे हर्पीस या एकाच कुटुंबातले विषाणू असतात. एकदा शरीरात शिरले की ते आयुष्यभर मुक्काम ठोकतात. औषधाने फोड बरे होतात, पण विषाणू जात नाही. हे विषाणू इतके चिवट का, याचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञांचे लक्ष आता आरएनएवरच्या एका बारीकशा रासायनिक खुणेकडे वळले आहे.

हर्पीस किती पसरलेला आहे?

माणसाला होणारे हर्पीस विषाणू नऊ प्रकारचे आहेत. ओठावर फोड आणणारा एचएसव्ही-१ हा त्यातला सर्वात परिचित. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात ५० वर्षांखालील सुमारे ३८० कोटी लोकांच्या, म्हणजे जवळपास ६४ टक्के लोकांच्या शरीरात तो आहे. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. कारण तो मज्जापेशींमध्ये निपचित पडून राहतो आणि ताप, ताण किंवा प्रतिकारशक्ती घटल्यावर जागा होतो. कांजिण्यांचा विषाणूही असाच दडून राहतो आणि पुढे नागीण होऊन बाहेर येतो. याच कुटुंबातला सायटोमेगॅलो विषाणू, म्हणजे सीएमव्ही, गर्भातल्या बाळाला झाला तर बहिरेपण येऊ शकते.

आरएनए मेथिलेशन म्हणजे काय?

पेशीतल्या डीएनएमध्ये प्रथिने बनवण्याच्या सूचना असतात. त्या सूचनांची कामापुरती नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए. या नकलेवर पेशी जागोजागी एक छोटा रासायनिक गट चिकटवते. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंच्या या गटाला मेथिल म्हणतात आणि तो चिकटवण्याच्या क्रियेला मेथिलेशन. यातली सर्वाधिक आढळणारी खूण म्हणजे ‘एम६ए’. ती सस्तन प्राण्यांच्या आरएनएवर १९७४ मध्येच सापडली होती, पण ती पुसताही येते हे २०११ मध्ये कळले आणि संशोधनाला वेग आला.

सरकारी कार्यालयातल्या फाइलवरचा शेरा आठवा. शेऱ्यामुळे फाइलमधला मजकूर बदलत नाही, पण ती कोणत्या टेबलावर जाणार, लवकर निकाली निघणार की रद्दीत जाणार, हे त्यावर ठरते. एम६ए तसेच काम करते. संदेश तोच राहतो, पण तो किती काळ टिकेल, त्याची काटछाट कशी होईल आणि त्यापासून किती प्रथिन बनेल, हे बदलते.

हा शेरा मारणारी प्रथिने वेगळी (त्यात ‘मेटल-३’ आणि ‘मेटल-१४’ ही जोडी प्रमुख), वाचणारी वेगळी आणि खोडणारी वेगळी.

विषाणूचा याच्याशी काय संबंध?

हर्पीस हा डीएनए विषाणू आहे. तो पेशीच्या केंद्रकात जाऊन तिथे स्वतःचे संदेश तयार करतो. शेरा मारणारी यंत्रणाही त्याच केंद्रकात असते. त्यामुळे विषाणूच्या संदेशांवरही पेशीचेच शेरे पडतात. पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. विषाणू आपल्या शरीराच्या संदेशांवरच्या शेऱ्यांचाही फायदा उठवतो.

धोक्याचा इशारा लवकर का विरतो?

विषाणू शिरला की पेशी ‘इंटरफेरॉन’ नावाचे प्रथिन सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. या इंटरफेरॉनच्या संदेशावरही एम६ए असते आणि ती पाहून ‘वायटीएचडीएफ-२’ हे वाचक प्रथिन तो संदेश लवकर नष्ट करते. एरवी हे गरजेचेच असते. इशारा सतत वाजत राहिला तर शरीरालाच इजा होईल.

सीएमव्हीच्या पथ्यावर नेमके हेच पडते. अमेरिका आणि इस्रायलमधल्या दोन संशोधक गटांनी २०१८ आणि २०१९ मध्ये हे दाखवून दिले. पेशीतली शेरा मारणारी प्रथिने कमी केली, तेव्हा इंटरफेरॉनचे संदेश वाढले आणि विषाणूची वाढ मंदावली. शेरा खोडणारे प्रथिन कमी केले, तेव्हा उलटे घडले.

सगळे हर्पीस विषाणू असेच वागतात का?

नाही, आणि खरी गुंतागुंत इथेच आहे. एचएसव्ही-१ जवळपास उलट खेळी करतो. त्याच्या संसर्गात ‘आयसीपी-२७’ या विषाणूच्याच प्रथिनामुळे शेरा मारणारी यंत्रणा केंद्रकातून विखुरली जाते आणि आरएनएवरच्या खुणा घटतात. २०२१ मध्ये हे स्पष्ट झाले.

कापोसी सार्कोमा हा कर्करोग घडवणाऱ्या हर्पीस विषाणूची गोष्ट आणखी वेगळी. झोपलेल्या अवस्थेतून जागे होण्यासाठी त्याला एका प्रथिनाची कळ दाबावी लागते. २०१७ मधल्या प्रयोगांत एम६ए रोखल्यावर या कळीच्या संदेशाची जोडणीच नीट झाली नाही आणि विषाणू पुढे सरकला नाही. म्हणजे उपाय सापडला? पुढच्याच वर्षी एका अभ्यासात वाचक प्रथिन कमी केल्यावर एका प्रकारच्या पेशीत विषाणूची वाढ जवळपास थांबली, पण दुसऱ्या प्रकारच्या पेशीत त्याच कळीचे प्रमाण वाढले. विषाणू तोच, बदल तोच, पेशी बदलली आणि निकाल फिरला.

यातून औषध निघेल का?

आज वापरातले असायक्लोव्हिर विषाणूचा डीएनए बनवणाऱ्या प्रथिनाला अडवते. म्हणून ते वाढणाऱ्या विषाणूवर चालते, झोपलेल्यावर नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी नव्या लक्ष्याची गरज आहे आणि एम६ए हे त्यातले एक आहे. ‘मेटल-३’ला रोखणारे एक रसायन २०२१ मध्ये उंदरांमधल्या रक्ताच्या कर्करोगावर परिणामकारक ठरले आणि त्याच धर्तीचे औषध नंतर कर्करुग्णांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचले.

पण हर्पीससाठी हा मार्ग सरळ नाही. ही यंत्रणा विषाणूची नाही, आपली आहे. ती बंद केली तर निरोगी पेशींचे संदेशही विस्कळीत होतील. शिवाय जो उपाय सीएमव्हीला मागे ढकलेल, तोच दुसऱ्या विषाणूला दुसऱ्या पेशीत मोकळे रान देऊ शकतो. जीवघेण्या कर्करोगात असा धोका पत्करता येतो, ओठावरच्या फोडासाठी नाही.

तोपर्यंत काय लक्षात ठेवायचे?

‘हर्पीस मुळापासून बरा’ असा दावा करणारा व्हिडिओ दिसला, तर तो पुढे पाठवू नका. दडलेला विषाणू शरीरातून कायमचा काढून टाकणारे औषध अजून उपलब्ध नाही. आहे त्या औषधांचा फायदा मात्र वेळेवर घेतला तरच होतो. नागीण उठल्यावर ७२ तासांच्या आत उपचार सुरू होणे सर्वात चांगले. नागिणीने कमरेला विळखा पूर्ण केला की माणूस दगावतो, ही समजूत खरी नाही. त्या भीतीने घरगुती उपायांत घालवलेले दोन-तीन दिवस मात्र महागात पडू शकतात.