किरोळ कुठे गेलं?



परवा चौथीच्या वर्गात एका मुलाने विचारलं, "बाई, किरोळ रोडचे किरोळ म्हणजे कोणी इंग्रज साहेब का हो?" सगळा वर्ग खो खो हसला. पण खरं उत्तर एकालाही येईना!

अरे, किरोळ हे साष्टीतलं एक गाव. शेजारच्या घाटकोपरबरोबर त्याची एक नगरपालिका होती, घाटकोपर-किरोळ नगरपालिका. तेव्हा हा भाग मुंबई शहरात नव्हताच. १९२० साली ठाणे जिल्ह्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढला, त्यात तो मोडत असे.

१९५० साली मुंबईची हद्द पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेला भांडुपपर्यंत वाढली. घाटकोपर-किरोळची नगरपालिका महापालिकेत विलीन झाली. गंमत पाहा, भांडुप मुंबईत, पण शेजारचं मुलुंड बाहेर! मुलुंड, बोरिवली आणि दहिसर १९५७ साली आत आले.

मोठ्या शहरात गेल्याने फायदे झालेच. पण गावचा कारभार गावात होता, तो बोरीबंदरासमोरच्या मोठ्या इमारतीत गेला. गावाचं नाव राहिलं ते रस्त्याच्या पाटीवर. पाटी बदलली, तर तेही पुसलं जाईल.

म्हणून या रविवारी एक काम करा. आपल्या भागातल्या जुन्या गावांची नावं आजी-आजोबांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. आईबाबांनाही विचारा हं! बघू या, त्यांना किती येतात!

तुमच्या बाई