पिन पाठव ना!

शुक्रवारी चारच्या चहाला ऑफिसात कोणीतरी हमखास विचारतं, "अरे, तुझा तो मॅप आहे ना? पाठव ना!" इतके दिवस मी पाठवायचो. आता बंद. का ते सांगतो.

२००७ मध्ये गूगलने 'माय मॅप्स' आणलं तेव्हापासून मी आवडत्या जागा जमवतोय. झाल्या १४० पिना. त्यातली एक ताम्हिणीतल्या एका ओढ्याची. आम्ही गेलो होतो जानेवारीत. घोट्याएवढं पाणी, मधोमध ऐसपैस कातळ, त्यावर बसून डब्यातले पोहे खाल्ले. घरी येऊन पिनेला नाव दिलं, 'मस्त जागा'. बास, एवढंच.

टीममधल्या एकाला मी लिंक दिली. हा पठ्ठ्या भर जुलैत बायको आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन त्याच कातळावर जाऊन बसला. वर डोंगरात पाऊस झाला असणार, बघता बघता पाणी चढलं. गावातल्या एका मामांनी ओरडून ओरडून बाहेर काढलं म्हणून निभावलं. सोमवारी तो हे सगळं हसत हसत सांगत होता. मला काही हसू येईना. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलाय.

चूक त्याची नाही, माझी. अक्षांश-रेखांश बारा महिने तेच राहतात, जागा राहत नाही. कासचं पठार सप्टेंबरात फुलांनी भरलेलं असतं, एप्रिलमध्ये गेलात तर नुसता तापलेला कातळ. सांदण दरीत हिवाळ्यात चालत उतरता येतं, पावसाळ्यात ती पाण्याचीच वाट. अलिबागचा कुलाबा किल्ला घ्या. ओहोटीला चालत जा, पण परतायला उशीर केलात तर बसा होडीची वाट बघत. कोकणातला माणूस त्याचं गणित तोंडावर करतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास भरती, म्हणजे नऊच्या आसपास ओहोटी. (अंदाजच हो हा, निघण्यापूर्वी किनाऱ्यावर विचारायचंच.) आता सांगा, यातलं काय त्या लाल ठिपक्यात दिसतं?

आपण प्रोग्रामर लोक. कमेंट नसलेला कोड कोणी चेक-इन केला तर रिव्ह्यूमध्ये त्याची सालटी काढतो. आणि तेच आपण १४० ठिपके बिनधास्त फॉरवर्ड करतो!

"एवढं कोण लिहीत बसणार?" मग पाठवू नका. "लोकांनी स्वतःची अक्कल वापरावी की!" वापरावी ना, पण 'मस्त जागा' असं छातीठोकपणे तुम्हीच लिहिलंय. "म्हणजे जागा लपवून ठेवायच्या?" अजिबात नाही. 'आमचा' धबधबा म्हणून मिशीत हसणाऱ्या ट्रेकर मंडळींचा मला भयंकर कंटाळा आहे. सह्याद्री काय कोणाच्या बापाचा आहे का? द्यायचं तर सगळं द्या, एवढंच म्हणणं आहे: कोणत्या महिन्यात गेलो, कोणत्या साली गेलो, कधी जाऊ नये, गावात कोणाला विचारायचं.

गेले दोन वीकेंड तेच करत बसलोय. सगळं केएमएल फाइलमध्ये उतरवून स्वतःच्या डिस्कवर ठेवलंय. ते २००८ पासून खुलं मानक आहे, बऱ्याच नकाशांत उघडतं. साइटच्या भरवशावर राहू नये हे पॅनोरामिओने २०१६ मध्ये गाशा गुंडाळला तेव्हाच कळायला हवं होतं. असो.

लिहायला बसलो आणि लाज वाटली. १४० पैकी ४१ जागांबद्दलच मला चार ओळी धड लिहिता आल्या. बाकीच्यांचं काय? 'सुंदर', 'भारी', एका ठिकाणी तर नुसतं 'वडापाव'! आता तो वडापाव कुठल्या साली खाल्ला आणि ती गाडी अजून तिथे आहे का, देव जाणे. ९९ पिना उडवल्या.

कालच्या शुक्रवारी पुन्हा विचारणा झालीच. मी उलट विचारलं, "कधी जाताय? बरोबर कोण कोण आहे?" पुढच्या रविवारी, म्हणाली, आईबाबा आहेत, आईचा गुडघा दुखतो. तीन जागा दिल्या. तिसरीच्या खाली लिहिलं होतं: पायऱ्या साठेक आहेत, कठडा एकाच बाजूला. म्हणाली, मग ही नको.