वाद आणि वितंडा : सामूहिक संपादनाचा प्रश्न

सामूहिक संपादनातील भांडणे विकोपाला गेली की एक ठराविक उपदेश केला जातो : संपादकांनी शांत राहावे, सौजन्य पाळावे, दोन्ही बाजूंना रुचेल असा मधला शब्द शोधावा. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या, विनावेतन संपादकांच्या श्रमावर उभ्या असलेल्या मराठी विकिपीडियासारख्या उपक्रमाला तर हा उपदेश स्वयंसिद्धच वाटतो. वस्तुतः तो भाबडा आहे आणि परिणामतः अन्यायकारकही.

मराठीत संपादकीय मतभेदांचे निराकरण आजवर मुख्यतः दोन मार्गांनी होत आले. पहिला अधिकाराचा. केतकरांच्या ज्ञानकोशात किंवा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या विश्वकोशात अखेरचा शब्द कोणाचा, याविषयी संदेह नव्हता. दुसरा फुटून निघण्याचा. मुंबईत १९५४ मध्ये 'शब्द' आणि १९६३ मध्ये 'असो' निघाले, ते प्रस्थापित नियतकालिकांबाहेर जागा करण्यासाठी. 'सत्यकथा' मान्य नसणाऱ्यांना तिचा अंक जाळता येत होता, १९६९ मध्ये तो जाळलाही गेला. आणि स्वतःचे अनियतकालिक काढण्याची मोकळीकही होती. मुक्त ज्ञानकोशात या दोन्ही वाटा बंद होतात. संहितेला धनी नाही, आणि एका विषयावर एकच लेख असल्याने हरलेल्या पक्षाला जायला जागा नाही. संतापाचे मूळ संपादकांच्या स्वभावात नसून या रचनेत आहे.

मधल्या शब्दाची कसोटी घाटकोपरच्या एका उदाहरणावर घेता येईल. या उपनगरावर लिहिणाऱ्याला ११ जुलै १९९७ हा दिवस टाळता येत नाही. रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करण्यासाठी जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या. १० माणसे मृत्युमुखी पडली. या घटनेला एक संपादक 'दंगल' म्हणेल, दुसरा 'हत्याकांड'. मध्यस्थ 'गोळीबार' हा शब्द उचलून तटस्थतेचे समाधान मानेल. परंतु 'दंगल' म्हटले की कर्ता जमाव ठरतो, 'हत्याकांड' म्हटले की गोळी झाडणारा. 'गोळीबारात १० ठार' या वाक्यात मात्र कर्ताच उरत नाही. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि २००९ मध्ये सत्र न्यायालयाने संबंधित पोलीस अधिकाऱ्याला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी धरले. एवढे प्रमाण समोर असताना दोन्ही शब्दांना समान अंतरावर ठेवणे ही तटस्थता नव्हे. ते प्रमाणाकडे पाठ फिरवणे आहे.

न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. वादात प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे सत्याचा निर्णय करायचा असतो. जल्पात केवळ जिंकायचे असते. वितंडेत स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचा खोडायचा असतो. या वर्गीकरणात आवाजाच्या पट्टीला स्थान नाही, हे लक्षणीय आहे. कारण न देता दुसऱ्याचे वाक्य पुनःपुन्हा पुसणारा संपादक कितीही मृदू बोलला तरी वितंडाच करतो. कठोर भाषेत प्रमाण देणारा वाद करतो. सौजन्याचा नियम नेमका दुसऱ्यालाच गप्प बसवतो.

सौजन्य नसेल तर नवखा संपादक पळून जाईल, असा आक्षेप यावर घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. जातीवरून, लिंगावरून, व्यक्तीवरून केलेल्या शिवीगाळीला कोणत्याही वादात जागा नाही. पण अंधेरीचे काम आटोपून, लोकलच्या गर्दीतून बोरिवलीला परतून रात्री तासभर लिहिणाऱ्याला केवळ कठोर शब्दच पळवून लावतात असे नाही. ज्याच्यापाशी मोकळा वेळ अधिक त्याचेच वाक्य टिकते, हा अनुभव त्याला अधिक लवकर थकवतो.

म्हणून नियम हवा तो पूर्वपक्षाचा. दुसऱ्याचे वाक्य काढण्यापूर्वी त्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत चर्चापानावर मांडावे, मगच खंडन करावे. तोवर लेख कुलूपबंद राहावा, आणि त्या लेखात हात न घातलेल्या तिसऱ्याने केवळ प्रमाणे पाहून, कारणे नोंदवून निर्णय द्यावा. हा निर्णय नव्या प्रमाणाने पुन्हा उघडता यावा. केवळ चिकाटीने नव्हे. धनी नसलेल्या संहितेला एवढी शिस्त पुरेशी आहे. तिच्यावाचून उरते ती सर्वांत कमी थकणाऱ्याची मालकी.