शंभर किलोमीटरची सूट रद्द करा!



१ जून २०२५ च्या संध्याकाळी उत्तर सिक्कीममध्ये लाचेनजवळच्या चातेन इथल्या लष्करी छावणीवर दरड कोसळली. तिघे ठार झाले, सहा जण बेपत्ता झाले. त्यांत एका अधिकाऱ्याची पत्नी आणि लहान मुलगीही होती. दोन महिन्यांनी, ५ ऑगस्टला, उत्तरकाशी जिल्ह्यात खीरगंगा नदी धराली गावावर चालून आली आणि त्याच दुपारी शेजारच्या हर्षिलच्या तळावरचे जवान लोंढ्यात वाहून गेले. एका पावसाळ्यात दोन छावण्या गेल्या, तेही सीमेपलीकडून एक गोळी सुटलेली नसताना. आणि याच धराली-हर्षिलच्या पट्ट्यात, भागीरथीच्या ज्या खोऱ्याला २०१२ सालीच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवले गेले त्या खोऱ्यात, रस्ता रुंद करण्यासाठी हजारो देवदार तोडण्याचा प्रस्ताव पुढे सरकतोच आहे. कारण विचाराल, तर उत्तर ठरलेले आहे: देशाची सुरक्षा.

हवामान बदलते आहे की नाही, यावर हे पत्रक शाई खर्च करणार नाही. माळीण, तळिये, इर्शाळवाडी ही नावे ज्यांना ठाऊक आहेत त्यांना दरड म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्या २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने आटल्या, हे शास्त्रज्ञ सांगून चुकले आहेत. आमचे भांडण आहे ते एका सवयीशी. प्रकल्पावर ‘सामरिक’ असा शिक्का मारला की डोंगराची, नदीची, वरच्या हिमतलावाची तपासणी करण्याची गरजच उरत नाही, असे मानण्याची ही सवय. जुलै २०२२ मध्ये सीमेपासून १०० किलोमीटरच्या आतल्या सामरिक महामार्गांना पर्यावरण मंजुरीतून सूट मिळाली. २०२३ साली वनसंवर्धन कायदा बदलला आणि त्याच १०० किलोमीटरच्या पट्ट्यातल्या सुरक्षेसाठीच्या रस्त्यांना, लोहमार्गांना वनमंजुरीतूनही मोकळे केले. पर्यावरणाची काळजी घेण्याच्या सूचना आहेत, पण त्या पाळल्या की नाही हे बघायचे ते काम करणाऱ्यानेच. ज्याच्या हातात सुरुंग, त्याच्याच हातात तपासनीसाची वही!

शंभर किलोमीटर म्हणजे किती, हे नकाशा उघडून पाहा. अख्खे सिक्कीम या पट्ट्यात बसते. त्रिपुरा, मेघालय, मिझोराम पूर्ण बसतात. जोशीमठ, बद्रीनाथ, केदारनाथ, गंगोत्री, सारे आत येते. देशातले सर्वांत तरुण, सर्वांत ठिसूळ आणि आज सर्वांत वेगाने बदलणारे डोंगर नेमके या पट्ट्यात आहेत. म्हणजे जिथे दहा वेळा पाहून पाऊल टाकायला हवे, तिथेच न पाहता चालण्याची मुभा आपण कायद्याने दिली.

या सवयीचा दुटप्पीपणा दोन तारखांत उघडा पडतो. १३ डिसेंबर २०२१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत आयर्लंड आणि नायजर यांनी हवामान बदलाला सुरक्षेच्या चौकटीत आणणारा ठराव मांडला. रशियाने नकाराधिकार वापरला आणि भारताने विरोधात मत दिले. हवामानाचा प्रश्न विकासाचा आहे, तो सुरक्षा परिषदेत नेणे म्हणजे मूठभर बड्या देशांच्या हाती देणे, ही भूमिका तेव्हा मांडली गेली. त्या भूमिकेत तथ्य आहे, आणि श्रीमंत देशांनी धूर सोडून वर सुरक्षेचे प्रवचन द्यावे हे आम्हालाही मान्य नाही. पण दुसऱ्याच दिवशी, १४ डिसेंबरला, चारधाम रस्त्याच्या रुंदीकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि सुरक्षेच्या गरजेपोटी दहा मीटर रुंदीला परवानगी मिळाली. सैन्याच्या गरजा काय आहेत हे न्यायालय ठरवू शकत नाही, हेही खरे. मग ते कोणी ठरवायचे? परदेशात आपण म्हणतो की हवामान हा सुरक्षेचा विषय नाही, आणि घरात म्हणतो की सुरक्षेच्या विषयात हवामानाचा प्रश्न काढू नका. दोन्ही दारे बंद केली, तर वितळत्या हिमनदीखाली तंबू ठोकून राहणाऱ्या जवानाचा विचार कोणत्या खोलीत होणार?

तिस्तेच्या काठी काय झाले ते नीट बघा, कारण या सवयीचा सगळा हिशेब तिथे मांडलेला आहे. उत्तर सिक्कीममध्ये सुमारे ५,२०० मीटर उंचीवर दक्षिण ल्होनाक हा हिमतलाव आहे. पन्नास वर्षांपूर्वी ते एक लहानसे तळे होते. वरची हिमनदी मागे सरकत गेली तसतसे ते फुगत गेले. त्याच्या धोक्याबद्दल शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे लिहीत होते, २०१६ मध्ये सायफनचे पाइप टाकून पाणी उतरवण्याचा प्रयत्नही झाला होता. इस्रोच्या उपग्रहचित्रांनुसार २८ सप्टेंबर २०२३ रोजी तलाव १६७.४ हेक्टर होता, ४ ऑक्टोबरला उरला ६०.३ हेक्टर. मधल्या ३ तारखेच्या रात्री काठावरचा हिमोढ, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेला दगडमातीचा ढीग, तलावात कोसळला, लाट उसळली, बांध फुटला आणि शंभरहून अधिक हेक्टरांतले पाणी दरीत उतरले. चुंगथांगचे १,२०० मेगावॉटचे धरण त्या पाण्याने पुसून टाकले आणि धरणात साठलेले पाणीही लोंढ्याला जाऊन मिळाले. खाली सिंगतामजवळ बारदांग इथे लष्कराची वाहने नदीकाठी उभी होती. पाणी पंधरा-वीस फूट चढले आणि ४१ वाहने गाळात गाडली गेली. त्या दिवशी २३ जवान बेपत्ता झाले आणि त्यांतला एकच जिवंत हाती लागला. दारूगोळ्याच्या पेट्या तिस्तेबरोबर बंगालच्या मैदानात पोचल्या. काठावर सापडलेल्या वस्तूंना हात लावू नका अशा सूचना फिरल्या, तरीही जलपाईगुडी जिल्ह्यात एक तोफगोळा फुटून माणसे दगावली. आपला दारूगोळा आपल्याच लोकांच्या अंगणात फुटला, आणि तो तिथवर आणला एका तलावाने, ज्याची मापे आपल्याकडे होती.

यात लष्कराचा दोष काढायचा हेतू नाही. जवान नेमून दिलेल्या जागी उभा राहतो. दोष आहे तो ती जागा नेमताना वर काय आहे हे न विचारण्याचा. वर कोणता तलाव आहे, तो किती वेगाने वाढतो आहे, फुटला तर पाणी किती मिनिटांत इथे पोचेल, मधले धरण ते थोपवेल की वाढवेल, हेच प्रश्न पर्यावरण आघाताच्या अभ्यासात विचारले जायला हवेत. आज असे अभ्यास बहुतेक वेळा कागदी उरकले जातात हे आम्हाला ठाऊक आहे. पण वाईट परीक्षेवर उपाय म्हणून परीक्षाच रद्द करायची, हे कुठले शहाणपण?

आता रस्त्याकडे वळू. चारधाम रस्त्याची पायाभरणी २०१६ साली झाली तेव्हा तो यात्रेकरूंचा रस्ता होता. सुमारे ९०० किलोमीटरचा हा प्रकल्प ५३ तुकड्यांत मोडला गेला. प्रत्येक तुकडा शंभर किलोमीटर लांबीच्या मर्यादेत बसला, म्हणून एकत्रित पर्यावरण अभ्यास झालाच नाही. खटला उभा राहिला आणि सप्टेंबर २०२० मध्ये साडेपाच मीटर रुंदीचा आदेश आला, त्यानंतर सीमेची गरज पुढे करण्यात आली. हिमालयात रस्ता रुंद करायचा म्हणजे डोंगराचा पायथा उभा कापायचा. वरचा उतार ज्या पायावर टेकलेला असतो तोच निघून जातो, सुरुंगांनी खडकाच्या भेगा रुंदावतात, आणि निघालेला राडारोडा खालच्या नदीत ढकलला की पात्र उंचावते. मग ढगफुटीचा पाऊस येतो, आणि तापलेल्या हवेत तो पूर्वीपेक्षा कमी वेळात जास्त कोसळतो. भेगांत पाणी शिरते आणि कापलेला उतार रस्त्यावर येऊन बसतो. न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२० मध्येच नोंदवले होते की ताज्या कापलेल्या १७४ उतारांपैकी १०२ उतारांना दरडीचा धोका आहे. दहापैकी जवळजवळ सहा! अशा रस्त्यावरून रणगाडे आणि क्षेपणास्त्रांचे वाहक नेण्याच्या गोष्टी ऐकवल्या जातात. सैन्याला जो रस्ता हवा आहे तो ऑगस्टमध्ये उघडा राहणारा. दहा मीटर रुंद आणि चार दिवस बंद असा रस्ता शत्रूच्या कामाचा.

हे शब्दांचे खेळ वाटत असतील तर ७ फेब्रुवारी २०२१ आठवा. रोंती शिखरावरून खडक आणि बर्फाचा कडा सुटला, ऋषिगंगा आणि धौलीगंगेत दोनशेहून अधिक माणसे गेली, आणि रैणीजवळचा पूल वाहून गेला. जोशीमठहून मलारीकडे, म्हणजे तिबेटच्या सीमेकडे जाणारी वाट त्या एका पुलावर होती. तात्पुरता लोखंडी पूल उभा राहीपर्यंत तीन आठवडे उलटले. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठ खचू लागले तेव्हा लष्कराच्या २५ ते २८ इमारतींना तडे गेल्याचे खुद्द तत्कालीन लष्करप्रमुखांनी सांगितले आणि जवानांना हलवावे लागले. सीमेच्या तोंडावरचे ठाणे मागे घ्यायला लावणे कोणत्या शत्रूला इतक्या स्वस्तात जमले असते?

पलीकडे चीन रस्ते बांधतो आहे, मग आपण अभ्यास करीत बसायचे काय, असा प्रश्न हमखास येतो. चीन बांधतो तो तिबेटच्या पठारावर. ते उंच आहे, कोरडे आहे, बरेचसे सपाट आहे. आपला उतार दक्षिणेकडचा, तीव्र, पावसाच्या थेट माऱ्यातला. तिकडचा रस्ता बघून इकडचा डोंगर कापणे ही स्पर्धा नव्हे, आंधळेपणा आहे. दुसरे म्हणणे, अभ्यासाला वेळ लागतो. लागतो, काही महिने. खचलेला रस्ता पुन्हा पुन्हा बांधायला किती वर्षे लागतात, याचा हिशेब हीच मंडळी कधी मांडत नाहीत. चारधाम रस्त्यावरच्याच सिलक्यारा बोगद्यात १२ नोव्हेंबर २०२३ पासून ४१ मजूर सतरा दिवस अडकले होते, कारण आत अडकल्यास निसटायला वेगळी वाटच बांधलेली नव्हती. घाईने वाचवलेला वेळ असा फेडावा लागतो. तिसरे म्हणणे सर्वांत संताप आणणारे आहे: सैन्याच्या कामात प्रश्न विचारणे म्हणजे जवानाचे खच्चीकरण. १९८४ पासून सियाचीनमध्ये शत्रूच्या गोळीपेक्षा थंडी, हिमस्खलन आणि उंचीच्या आजारांनी जास्त जवान गेले. सातारा-सांगली-कोल्हापूरच्या गावांतून पिढ्यान् पिढ्या पोरे सैन्यात गेली आहेत, त्या गावांना खच्चीकरण म्हणजे काय ते शिकवू नका. मुलाच्या छावणीवर कोणता तलाव लटकतो आहे हे विचारणारी आई देशद्रोही ठरत असेल, तर ठरवणाऱ्याची लाज आम्हाला वाटते.

माहिती फुटेल, ही भीती मात्र गंभीर आहे आणि तिचे उत्तर द्यायला हवे. तळाची जागा, रस्त्याची भारक्षमता, वाहतुकीचे वेळापत्रक जाहीर करा असे कोणी म्हणत नाही. गुप्तता पाळणे वेगळे आणि तपासणीच न करणे वेगळे. भूगर्भशास्त्रज्ञ, हिमनदीतज्ज्ञ आणि लष्करी अभियंते यांची समिती बंद दाराआड बसू शकते, तिच्याकडून गोपनीयतेची शपथ घेता येते. आणि तपासणी टाळली म्हणून धोका टळत नाही. अमेरिकेच्या फ्लोरिडातल्या टिंडल हवाई तळाची २०१८ मध्ये चक्रीवादळाने धूळधाण केली, तेव्हा हलवता न आलेली लढाऊ विमानेही नुकसानीतून सुटली नाहीत. जगातले सर्वांत श्रीमंत सैन्य स्वतःच्या तळावरच्या वादळापुढे हतबल ठरले. त्याच अमेरिकेने १९९७ मध्ये क्योटो कराराच्या वेळी सैन्याच्या इंधनाचा मोठा भाग मोजणीतून वगळवून घेतला होता, आणि पॅरिस करारानंतरही सैन्याच्या उत्सर्जनाची माहिती देणे ऐच्छिकच राहिले. सैन्याच्या नावाखाली हिशेब टाळायची ही खोड जगभरची आहे. ती आपणही उचलायला हवी असे नाही.

म्हणून आमची मागणी आहे. शंभर किलोमीटरच्या पट्ट्यातली सरसकट सूट मागे घ्या, आणि ज्या कामांना खरोखर तातडी आहे त्यांच्यासाठी ठरावीक मुदतीत निर्णय देणारी गोपनीय तज्ज्ञ तपासणी कायद्यात घाला. धोकादायक हिमतलावांच्या खालच्या प्रत्येक खोऱ्यातल्या छावण्या, दारूगोळ्याची कोठारे आणि वाहनतळ यांच्या जागा येत्या पावसाळ्याआधी पुन्हा तपासा आणि नदीकाठच्या जागा रिकाम्या करा. तलावाकाठी वीज गेली तरी चालू राहणारी सूचनायंत्रणा बसवा आणि तिचा भोंगा गावात आणि छावणीत एकाच वेळी वाजू द्या. धराली ते भैरवघाटीच्या पट्ट्यातली देवदारांची तोड ही तपासणी पूर्ण होईपर्यंत थांबवा. हे पत्रक वाचणाऱ्या प्रत्येकाने आपल्या खासदाराला या चार गोष्टींबद्दल लेखी उत्तर मागावे, आणि ते उत्तर आपल्या गावच्या आजी-माजी सैनिकांच्या बैठकीत वाचून दाखवावे.