गारपीट ही शिक्षा नव्हे

रावेर-यावलकडे गारपीट झाली, की कापणीला आलेल्या केळीच्या बागा आडव्या होतात. लगेच आपल्याच मंडळीत कुणीतरी म्हणतं, "पापं वाढली, देवानं शिक्षा केली." मला याचा संताप येतो. बाग गेली तो पापी, मग शेजारच्या बांधापलीकडचा वाचला तो काय पुण्यवान?

देवाचा पाऊस चांगल्या-वाईटाची निवड करत नाही, असं प्रभू येशू मत्तयाच्या ५ व्या अध्यायात शिकवतो. शिलोहाचा बुरूज पडून मेलेले १८ जण इतरांहून जास्त पापी होते, हेही तो लूकच्या १३ व्या अध्यायात साफ नाकारतो. मग आपण कोण न्याय करणारे?

निसर्ग देवाच्या हाती आहे, हे मी मानतोच. पण बाग राखायचं काम त्यानं माणसाला दिलं. गारा थांबवणं आपल्या हाती नाही. पाणी राखणं आहे. पांझरेकाठच्या जुन्या लोकांनी बंधारे घालून फड पद्धतीनं पाणी वाटून घेतलं. शिरपूरकडे सुरेश खानापूरकरांनी नाले खोल करून पाणी जिरवलं. आपण मात्र बोअर आणखी खोल नेतो आणि दुष्काळ पडला की देवाकडे बोट दाखवतो.

असो. पुढच्या गारपिटीनंतर कुणाच्या दारी जाल, तेव्हा उपदेश करू नका. पंचनाम्याचे कागद भरायला मदत करा.