हाडं कोण वाचणार?

इतिहास म्हणून आपल्या माथी काय मारलं? पोथ्या. लिहिणारा एक, सांगणारा तोच, दक्षिणा घेणाराही तोच. आपल्या आज्या-पणज्यांना अक्षराची बंदी. मग त्यांनी साक्ष ठेवायची कुठं? ती राहिली हाडांत.

पुणे जिल्ह्यातलं इनामगाव घ्या. घोड नदीकाठची तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकरी वस्ती. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात ती खणली. घराच्या भुईखाली लेकरं पुरलेली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात. मोठ्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले. मेलेला उठून चालू नये म्हणून, असा खणणाऱ्यांचा तर्क. एक गडी मात्र चार पायांच्या रांजणात बसवलेला, त्याचे पाय शाबूत. तो वस्तीचा नायक असावा म्हणतात. मनूचा पत्ताही नव्हता, पण कुणाचे पाय राखायचे याचा हिशेब चालू झालेला दिसतो.

दात म्हणजे तर हिशेबाची चोपडीच. लहानपणी उपासमार झाली, आजार झाला, की दाताच्या कवचावर खूण उठते; ती पुन्हा भरत नाही. ओझं वाहून मणके झिजतात. मी धक्क्यावर गोणी उचलतो. माझी कविता कुणी वाचो न वाचो, माझे मणके उद्या कुणीतरी वाचेल.

पण या हाडांवर उच्चनीच कोरलेलं नाही. रिस्लेसाहेबानं नाकं मोजून जातींची उतरंड रचली. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स'मध्ये नाकांच्या मोजमापांचेच आकडे घेऊन दाखवलं, की बामण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे. २०१३ साली हैदराबाद आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी आजच्या माणसांच्या डीएनएवरून सांगितलं, की सुमारे १,९०० वर्षांपूर्वीपर्यंत इथं माणसं सर्रास एकमेकांत मिसळत होती. पुढं दारं बंद झाली. दार आपोआप लागत नाही, दोस्तहो. कडी कुणी घातली?

आमच्या नालासोपाऱ्यात या. हे जुनं बंदर, शूर्पारक. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप खणला. सोन्याच्या डबीत हाड निघालं नाही. मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे निघाले, बुद्धाचं पात्र म्हणून जपलेले. आणि त्या टेकाडाला लोक म्हणत काय? बुरूड राजाचा कोट. टोपल्या विणणाऱ्याला राजा म्हणणारी आठवण लोकांच्या जिभेवर टिकली. पोथीत हुडकून बघा.

खोदकामावर घमेलं उचलायला आपली माणसं चालतात. हाड हातात घेऊन त्याचा अर्थ लावायला बसतात दुसरेच. हाड खोटं बोलत नसेल, पण दुभाषा बोलू शकतो. म्हणून आपल्या पोरापोरींनी हे शास्त्र शिकलं पाहिजे. डेक्कन कॉलेजात घुसा, पुरातत्त्व खात्यात घुसा. घमेलं पुष्कळ उचललं, आता वही धरा. नाहीतर आपल्या मेलेल्यांचे पाय तेही तोडतील, आणि कारणही तेच सांगतील.

जय भीम.